उजनीचा ओला काठ

पाण्याकडे पाहू नका. निदान सुरुवातीला तरी नको. उजनीच्या काठावर आलेला माणूस आधी लांब पाहतो, कारण पाणी लांबवर पसरलेले असते आणि त्यात कुठेतरी रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसेल अशी आशा असते. ती आशा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नजर खाली आणा. पाणी जिथे संपते आणि भेगाळलेली कोरडी जमीन जिथे सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये चिखलाचा एक पट्टा आहे. काळपट, चकाकता, कुठे चार पावले रुंद, कुठे चाळीस. आजचे मनन त्या पट्ट्यापुरते आहे.

महिना चैत्राचा धरू. पाडवा होऊन गेला आहे आणि दुपारचे ऊन चाळिशीला टेकू लागले आहे, म्हणून वेळ सकाळची. करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूला बसलात तर उगवता सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा चिखल, त्यावरची पाखरे उजळून निघतात. उंचवट्यावर उभे राहू नका, आभाळावर माणसाची आकृती उमटली की पाखरे बिचकतात. बेशरमीच्या एखाद्या झुडपाच्या आडोशाला, मळक्या रंगाच्या कपड्यांत, खालीच बसा. दुर्बीण असेल तर गळ्यात असू द्या, लगेच डोळ्यांना लावू नका. फोन पिशवीत.

पहिली काही मिनिटे काहीच घडणार नाही. तुमच्या चाहुलीने जे उडाले ते लांब जाऊन बसलेले असते. टिटवीने ओरडून साऱ्या काठाला तुमची वर्दी दिलेली असते. ती गप्प होईपर्यंत तुम्हीही काही करू नका. मांडी बदलायची असेल तर सावकाश बदला. श्वास मुद्दाम लांबवायची गरज नाही, तो आपोआप संथ होतो. टिटवी गप्प झाली, दोन पावले चालली, पुन्हा टिपू लागली, की मग नजर पट्ट्यावर ठेवा.

आधी वास घ्या. हा वास गोड नाही. त्यात शेवाळ आहे, उन्हात उघडे पडलेले शिंपले आहेत, मासे आहेत, आणि वरच्या अंगाच्या शहरांचे सांडपाणीही आहे. मुळा-मुठेतून पुण्या-पिंपरीचे जे काही वाहत येते ते भीमेला मिळते आणि शेवटी इथे, या संथ पाण्याच्या तळाशी बसते. त्याचे दुःख मनात येईल. येऊ द्या, ते खरे आहे. पण त्याच चिखलात हाताच्या बोटाने दोन पेरे खोल उकरून पाहिलेत तर कधी कधी एक लालबुंद, केसाएवढी बारीक अळी वळवळताना दिसते. ही न चावणाऱ्या चिलटांची अळी. तिच्या अंगात आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन असते, म्हणून ती लाल आणि म्हणूनच प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळातही ती तग धरते. संध्याकाळी काठावरच्या घरांत दिवा लावला की त्याच्याभोवती जो थवा जमतो, तो हिचाच मोठेपणीचा अवतार. ही अळी लक्षात ठेवा. ती पुन्हा लागणार आहे.

आता एकच पाखरू निवडा.

थव्याचा मोह होईल. शेकाट्या आपल्या लाल काटकुळ्या पायांवर तोल सांभाळत चालले असतील, थोड्या आत गुडघाभर पाण्यात उचाट्या वर वळलेली चोच डावी-उजवीकडे फिरवत असतील, काळ्या शेपटीचे गॉडविट मान पाण्यात खुपसून उभे असतील. त्यांच्याकडे नंतर पाहता येईल. पट्ट्याच्या अगदी कडेला, पाणी आणि चिखल जिथे एकमेकांत मिसळतात तिथे, चिमणीपेक्षा फारसे मोठे नसलेले एक पाखरू पळत असेल. काळे पाय, काळी सरळ आखूड चोच, पांढरे पोट. तो छोटा टिलवा. वजन २५ ग्रॅमच्या आसपास. पाच रुपयांची जुनी जाड नाणी तीन घेतली तर त्यांचेच वजन याच्याहून जास्त भरेल.

त्याच्या नावाची घाई नको. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि जून २०२५मध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा करून त्यांनी 'पक्षीकोश' उभा केला. ती नावे आपल्याला आयती मिळाली आहेत आणि कोश घरी कपाटात आहे. परतल्यावर उघडता येईल. काठावर बसलेले असताना नाव कळले की मन पुढच्या पाखराकडे धावते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. तुम्ही इथेच थांबा. याच एका टिलव्याजवळ.

तो काय करतो ते पाहा. मान खाली, चोच चिखलात, वर, पुन्हा खाली, दोन-तीन पावले पळत, पुन्हा खाली. डोके वर काढायला त्याला फुरसत नाही. तुम्ही मनात मोजायला लागाल तर आकडे मागे पडतील, म्हणून मोजू नका. फक्त एवढे पाहा की चोच दर वेळी रिकामी येते की काही घेऊन येते. पुष्कळदा तुम्हाला कळणारच नाही, कारण घास इतका लहान असतो की तो आपल्या डोळ्याला दिसण्याआधी गिळून झालेला असतो. मग गळ्याकडे पाहा. तिथली हलकीशी हालचाल दिसली म्हणजे काही मिळाले.

त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरे एक पाखरू असेल, साधारण त्याच उंचीचे, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळे कडे. तो कंठेरी चिखल्या. त्याची रीत वेगळी. तो पळतो, थबकतो, स्तब्ध उभा राहून पाहतो, आणि एकदम झडप घालतो. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून त्याचे डोळे मोठे. टिलवा डोळ्यांनी टिपतो आणि चोचीने चाचपडतोही. त्याच्या कुळातल्या पाखरांच्या चोचीच्या टोकाला बारीक बारीक खड्डे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. चिखलाच्या आत काय हलते आहे ते चोच त्यांच्यामुळे ओळखते. एकाला वरचे दिसते, दुसऱ्याला आतले जाणवते. त्यामुळे एकाच पट्ट्यावर, एकमेकांना धक्का न लावता, दोघांचे पोट भरते. आणखी आत गॉडविटची लांब चोच त्याहून खोल जाते. चार बोटे खोलीचा गाळ, पण त्याच्या प्रत्येक थराला कुणीतरी गिऱ्हाईक आहे.

आपण पाहण्याची एकच रीत धरून बसतो. इथे काही वेळ चिखल्यासारखे पाहा, थबकून, डोळे मोठे करून. मग डोळे मिटा आणि टिलव्यासारखे, न दिसणाऱ्याकडे लक्ष लावा. थव्याची बारीक टिवटिव. दूर कुठेतरी चाललेली पाण्याची मोटार. वाऱ्याने पाणी चिखलावर येते तो आवाज, जो पाहताना ऐकूच येत नव्हता. मोटारीचा आवाज त्रास देत असेल तर त्याला हाकलू नका. तोही याच काठाचा आहे, आणि का ते पुढे येईल.

डोळे उघडा आणि टिलव्याची पाठ पाहा. हिवाळ्यात, पौष-माघात तो इथे होता तेव्हा ती नुसती करडी होती. आता तिच्यावर तांबूस झाक चढली आहे. काही पिसांच्या कडा विटकरी, काही अजून जुनीच. पाठीवर दोन फिक्या रेघा उमटून त्यांचा एक कोन होऊ लागला आहे. गॉडविटच्या गळ्या-छातीवर तर विटकरी रंग स्पष्ट दिसतो. हा साज उत्तरेकडे, वीण होते तिथे घालून मिरवायचा, पण तो शिवला जातो इथे. उजनीच्या अळ्या-किड्यांचे एकेक पीस होते. रफ नावाच्या पाखराच्या नराला तिकडे मानेभोवती मोठी झालर फुटते. आपल्याकडून निघताना त्याची नुकती सुरुवात झालेली असते, पूर्ण झालर सोलापूरकराला सहसा दिसत नाही.

आणि पोट पाहा. बाजूने पाहिले तर शेपटीखालचा भाग भरलेला, किंचित लोंबता दिसतो. ती चरबी आहे. दिवस मोठा होत चालला हे पाखराच्या शरीराला उजेडावरून कळते, आणि मग त्याची भूक बदलते. लांब उड्डाणाआधी अशा पाखरांचे वजन कितीतरी वाढते. काही जातींत ते दुपटीच्या जवळ जाते. चरबी ही त्यांची शिदोरी. वजनाला हलकी, जाळली की धान्याच्या दुपटीहून जास्त बळ देणारी. गॉडविटच्या एका भाऊबंदाचा, पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचा, अभ्यास झाला तेव्हा आढळले की निघण्याआधी त्याचे जठर, आतडी, यकृत आकसून लहान होतात. वाटेत खायचे नाही, मग पचनाचे ओझे कशाला न्यायचे? ही गोष्ट मनात जरा घोळवा. इतका वेळ जे पाखरू फक्त खात होते, ते खाण्याची सोयही मागे ठेवून निघणार आहे.

आता पाण्याची बाटली काढा आणि एक घोट घ्या. तुम्ही सोलापूरचे असाल तर हे पाणी बहुधा इथलेच आहे. उजनीतून सोलापूरला थेट जलवाहिनी येते. शिवाय भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी पंढरपूरवरून खाली वाहत औज आणि टाकळीच्या बंधाऱ्यांपर्यंत पोहोचते आणि तिथून उपसून शहराला मिळते. शेतीसाठी कालव्याचे आवर्तन सुटते ते वेगळे. धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याच्या पोटात ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठ्याचे, उरलेले ६३ टीएमसीहून थोडे अधिक मृतसाठ्याचे. उपयुक्त साठा संपला की काटा शून्यावर येतो आणि त्या दिवसापासून सोलापूर जिल्ह्यात एकच वाक्य तोंडी असते, 'उजनी मायनसमध्ये गेली.' २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास उतरली होती. म्हणजे मृतसाठ्यातलेही निम्मे पाणी गेले होते. ज्या घरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे या वाक्याने पोटात गोळा येतो. त्या भीतीवर पाखरांची शोभा पांघरायची नाही.

पण हेही पाहा की हा पट्टा त्याच उतरणीतून उघडतो. उजनीचा काठ उभा नाही, लांबलचक सपाट उताराचा आहे. पाणी वीतभर उतरले की ओलाव्याची रेघ कितीतरी पावले आत जाते, आणि महिनोन्‌महिने पाण्याखाली मुरलेला नवा चिखल उघडा पडतो. काल टिपून झालेला भाग आज वाळतो, आज नवे ताट मांडलेले असते. धरण तुडुंब राहिले असते तर टिलव्याला इथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. तुम्ही घेतलेल्या घोटाने ही रेघ केसभर का होईना सरकवली आहे. तो घोट आणि हा पट्टा एकत्र मनात धरा. त्यांतून काही निष्कर्ष काढायची घाई करू नका.

त्या सरकत्या रेघेमागे एकटी पाखरे नाहीत. मघाची मोटार आठवा. पाणी आत गेले की शेतकऱ्याला पाइप वाढवावा लागतो, केबल ओढावी लागते, मोटार पुढे न्यावी लागते. कुठे चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावे लागते. कोळी-भोई आपली नाव आणि चिलापीची जाळी घेऊन रेघेबरोबर आत जातात. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कलिंगड, काकडी, चाऱ्याची मका उभी राहते. पाणी फारच उतरले की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पाण्यातून वर येते आणि ज्यांची गावे धरणात गेली त्यांची म्हातारी माणसे शिखर पाहायला काठावर जमतात. धरण भरले तेव्हा त्यांची घरे, ओटे, पार सारे पाण्याखाली गेले. त्यांनाही स्थलांतर करावे लागले होते, आणि त्यांच्या परतण्याला ऋतू नव्हता. इथे बसून पाखरांच्या स्थलांतराचे कौतुक करताना ती माणसे मनातून सुटू नयेत असे मला फार वाटते.

पुन्हा टिलव्याकडे या. तो अजून तिथेच आहे, किंवा त्याच्याजागी दुसरा आहे, आपल्याला फरक कळत नाही.

वैशाखापर्यंत तो निघेल. कुठे, ते आता मनानेच पाहायचे आहे. इथून उत्तरेला, मध्य आशियाच्या वाळवंटांवरून आणि गवताळ मैदानांवरून, पाणथळींवर थांबत थांबत, उत्तर सायबेरियाच्या टुंड्रापर्यंत. सरळ रेषेत धरले तरी सुमारे ६,००० किलोमीटर. तिथे झाडे नाहीत. तो पोहोचतो तेव्हा बर्फ नुकते वितळू लागलेले असते. बर्फाचे पांढरे तुकडे आणि त्यांच्या कडेने उघडी पडत जाणारी काळी, ओली जमीन. त्या कडेवर तो उतरतो. आणि त्या कडेवरच्या डबक्यांत, थंड गाळात, पुन्हा चिलटांच्या अळ्या असतात. मघाच्या लाल अळीच्याच कुळातल्या. सूर्य मावळत नाही, चिलटे अब्जावधींनी बाहेर पडतात, आणि त्यांच्यावर त्याची पिल्ले वाढतात.

इथे थोडे थांबा, कारण मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. आपण विचारतो, या पाखराचे घर कुठले? सोलापूर की सायबेरिया? पाहुणे म्हणतो, परदेशी म्हणतो. पण त्याला आपले गाव आणि तो देश दोन्ही ठाऊक नाहीत. त्याला ठाऊक आहे तो ओला काठ. इथे पाणी आटताना उघडणारा, तिथे बर्फ वितळताना उघडणारा, दोन्हीकडे थोडे दिवस टिकणारा. जमीन आणि पाणी यांच्यामधला काही पावलांचा पट्टा पृथ्वीवर एका ठिकाणी मिटतो तेव्हा दुसरीकडे उघडतो, आणि हे पाखरू आयुष्यभर त्या उघडण्याच्या मागे असते. स्थिर अशी जागा त्याला नाहीच, तरीही ते बेघर नाही. सहा हजार किलोमीटर उडून ते पुन्हा त्याच पट्ट्यावर उतरते, तशाच गाळावर, तशाच अळीवर चोच ठेवते.

ही गोष्ट डोक्याने पटते, पण बसून पाहिल्यावर ती वेगळी उतरते. रेघेकडे पाहत राहा. एखादी लाट येते, चिखल झाकतो, लाट जाते, चिखल चकाकतो. टिलवा लाटेबरोबर दोन पावले मागे येतो, दोन पावले पुढे जातो. आपण घर म्हटले की भिंती आठवतात. याच्या घराची एक बाजू सतत हलत असते आणि त्याने ती तशीच धरली आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यापाशी मी नेहमी थबकतो. टिलव्याची मादी टुंड्रावर चार अंडी घालते. बऱ्याचदा ती दोन घरटी करते. एक नराने उबवायचे, एक तिने. पिल्लू अंड्यातून बाहेर येते ते डोळे उघडे ठेवून, आणि पिसे वाळली की स्वतःच टिपू लागते. त्याला भरवावे लागत नाही. पिल्लांना पंख फुटून ती उडू लागतात तोवर मोठी पाखरे बहुतेक निघून गेलेली असतात. पिल्ले मागाहून, आपली आपण निघतात. ज्यांनी कधी दक्षिण पाहिली नाही ती दक्षिणेला येतात. सूर्य, तारे, पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून पाखरे दिशा धरतात हे संशोधकांनी शोधून काढले आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये अलास्कातून निघालेले पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचे पाच महिन्यांचे पिल्लू ११ दिवस न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचले. त्याच्या पाठीवरच्या छोट्या यंत्राने हा प्रवास उपग्रहाला कळवला. आपल्या देशात पाखरांच्या पायात कडी चढवण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली सुरू केले, आणि तेव्हापासून कुठे कुठे सापडलेल्या कड्यांवरून या वाटा जुळवल्या गेल्या. वाटा कळल्या. पण समोरच्या करड्या-तांबूस पाखराला पहिल्या हिवाळ्यात हा काठ कसा सापडला असेल, हा प्रश्न त्याने लहान होत नाही. तो प्रश्न सोडवायला घेऊ नका. त्याच्याजवळ काही श्वास बसा.

उन्हे वर आली. चिखलावर आता झळ हलते आहे, दुर्बिणीतून पाखरू थरथरते दिसते. परतायचे असेल तर ही वेळ. संध्याकाळी पुन्हा यायचे असेल तर फारच चांगले, कारण लांबच्या उड्डाणाला निघणारे थवे बहुतेक दिवस मावळताना निघतात. आधी काठावर अस्वस्थता येते. टिपणे थांबते, हाका वाढतात, काही पाखरे उडून पुन्हा बसतात. वारा पाठीशी असेल तर एखादा गट उठतो आणि खाली येत नाही. वर, आणखी वर, उत्तरेकडे. ते दिसलेच पाहिजे असा हट्ट नको. एखाद्या सकाळी काठावर कालच्यापेक्षा कमी पाखरे असतात, बहुतेकांना निरोप तेवढाच मिळतो.

सगळी जात नाहीत. शेकाट्या, टिटव्या, नदी सुरय यांची वीण याच दिवसांत, याच उघड्या जमिनीवर आणि पाण्यातल्या उंचवट्यांवर होते. भर उन्हात टिटवी किंवा शेकाट्या पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन अंड्यांवर बसतो, म्हणजे अंडी शिजत नाहीत. उठताना, चालताना पायाखाली पाहा. मातीच्या ढेकळासारखीच दिसणारी ठिपक्यांची अंडी उघड्यावर, एका उथळ खळग्यात असतात. टिटवी तुमच्या डोक्यावर येऊन ओरडू लागली तर तिला चिडलेली समजू नका, मागे वळा. आलात त्याच वाटेने जा.

या काठाला माणसांकडून धोका आहे, आणि माझ्या मते गाळपेर करणाऱ्याकडून तो सर्वांत कमी. पाण्यालगतचा चिखल नांगराला झेपत नाही, त्यामुळे शेवटचा पट्टा बहुधा पाखरांनाच राहतो. धोका मोटारसायकली थेट चिखलात उतरवण्याने आहे, मोकाट कुत्र्यांनी आहे, टाकून दिलेल्या जाळ्याच्या तुकड्यांनी आहे, आणि सर्वांत जास्त छायाचित्राच्या हौसेने. रोहित पक्षी उडाले की पंखांखालचा लाल रंग दिसतो, म्हणून नाववाल्याला गळ घातली जाते, 'जरा जवळ घ्या, उडवा.' नाववाल्याचे पोट त्यावर आहे, तो नाही कसा म्हणणार? नाही म्हणायचे ते नावेत बसलेल्यांनी. रोहित उठले की त्यांच्याबरोबर काठावरचा टिलवा, चिखल्या, तुतारी सारेच उठतात. चैत्र-वैशाखात उगाच उडालेली प्रत्येक फेरी त्या पाखराच्या पोटाखालच्या चरबीतून वजा होते, आणि ती चरबी मध्य आशियाच्या वाळवंटावर कमी पडू शकते. आपल्या एका चित्राची किंमत इतक्या लांब, आपल्या डोळ्यांआड चुकती होते.

उजनीपर्यंत जाणे जमत नसेल तर सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव आहे. अदिला नदीवरचा हा एकरुख तलाव इंग्रजी अमदानीत, १८७१ साली पुरा झाला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या मोठ्या तलावांपैकी तो एक. त्यालाही उताराचा काठ आहे, उन्हाळ्यात त्याचेही पाणी मागे सरते आणि तिथेही हीच पाखरे टिपताना दिसतात. मननाला तेवढे पुरते.

पाखरे परत येतात ती आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर. हिवाळी पाहुणे म्हटले की दिवाळी डोळ्यांपुढे येते, पण हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी जुलै सरता सरता, श्रावणाच्या तोंडाला हजर असतात. टुंड्राचा, तैगाचा उन्हाळा तेवढाच. आणि नेमके तेव्हा पुण्याकडच्या धरणांतून विसर्ग सुटलेला असतो, उजनी भरत असते, सोलापूर सुटकेचा श्वास टाकत असते. तो पट्टा पाण्याखाली गेलेला असतो. मग आलेली पाखरे उतरतात कुठे? ओढ्याच्या काठी, रानात साचलेल्या डबक्यांत, गावोगावच्या पाझर तलावांच्या कडेला. शेततळ्याचा त्यांना उपयोग नाही; त्याला प्लास्टिकचे अस्तर आणि उभ्या बाजू असतात, पाय ठेवायला गाळच नसतो. पाझर तलावाचा उतार मात्र त्यांच्या कामाचा असतो, जोवर तो उतार आहे. उन्हाळ्यात गाळ काढताना यंत्राने चारी बाजू उभ्या कापल्या तर तलावात पाणी जास्त मावते खरे, पण काठ उरत नाही. गाळ काढायलाच हवा, शेतात टाकायलाही हवा. एक बाजू सपाट ठेवली तर दोन्ही गोष्टी साधतात. म्हणून ऑगस्टमध्ये, एखाद्या उघाडीच्या सकाळी, आपल्या गावच्या पाझर तलावावर जाऊन बसा आणि तुताऱ्या कोणत्या बाजूला उतरतात ते पाहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन येईल तेव्हा तेवढी बाजू सोडायला सांगता येईल.